सोलोमनकाकांच्या पुस्तकांचे मालक

सोलोमनकाका जुनं पुस्तक हातात घेतलं की आधी नमस्कार करायचे. पुस्तकाला नव्हे, त्याच्या आधीच्या मालकाला. कोऱ्या पानावरची फिकट सही शोधायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, "या शेठ! बगदाद सोडून किती वर्षं झाली?"

काका अलिबागजवळचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. घरी मराठी, रागावले की अस्सल आगरी वळणाची. ऐंशीच्या सुमाराला मी बहारीनला अकाउंटंट म्हणून आलो, तेव्हा ते मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. पहिल्याच जेवणाला बायकोनं कोळंबी केली. काका गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, कोळंबीला आमच्या धर्मात व्हिसा नाही."

मनामा शहरातल्या त्यांच्या खोलीत पलंगावर पुस्तकं झोपायची आणि चटईवर काका. रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, हिब्रूत लिहिलेली ही धर्मग्रंथांवरची भाष्यं. कुठली बगदादला छापलेली, कुठली इटलीत. देश सोडून गेलेल्या घरांच्या सामानातून ती मुंबईच्या नाहीतर इथल्या जुन्या बाजारात यायची. मी एक पुस्तक उघडलं की ते हातातून घेऊन उलटं करून द्यायचे. "उजवीकडून, अकाउंटंटसाहेब!"

मी विचारलं, "काका, एकाच पुस्तकाच्या चार प्रती कशाला?"

"मजकूर तोच रे. माणसं चार आहेत ना!"

आणि मग ती माणसं सांगायचे. हा सही करताना घाईत होता. ह्याचं लग्न नुकतंच झालंय, बघ अक्षराला केवढी ऐट! निम्मं त्यांच्या मनातलं असणार. पण मी ऐकत बसायचो.

एकदा मनामाच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात त्यांना एक देखणं पुस्तक मिळालं. कातडी बांधणी, आत सहीखाली चार ओळी. काका आठवडाभर हैराण. "अक्षरं आमचीच, हिब्रू. पण शब्द लागत नाहीत. मफी! काहीच नाही!" सही मात्र लागली: याकूब, कापडवाले, मनामा. दुकानदार म्हणाला, याकूबशेठची मुलगी नईमा अजून कापडबाजाराच्या मागेच राहते.

"यल्ला," काका म्हणाले. "गाडी काढ."

नईमाबाई सत्तरीच्या, एकट्याच राहायच्या. घरचा मुंबईशी व्यापार, त्यामुळे हिंदी येत होती. हिब्रू अक्षर मात्र कुणी शिकवलं नव्हतं. काकांनी पुस्तक उघडलं आणि अर्थ न कळता, एकेक अक्षर लावत, त्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"ये तो अरबी है!"

अक्षरं हिब्रू, बोली घरची अरबी; इथले यहुदी असंच लिहायचे. काकांना अक्षरं येत होती, बाईंना भाषा.

"फिर से पढ़ो," त्या म्हणाल्या. काकांनी पुन्हा वाचलं. बाई हळूहळू सांगू लागल्या. "आज मुझे चौथी बेटी हुई। नाम नईमा। घर में उजाला हो गया।"

वडील गेले तेव्हा त्या रांगत होत्या. चौथीही मुलगीच झाली म्हणून तुझा बाप त्या दिवशी जेवला नाही, हे आत्यांकडून त्या जन्मभर ऐकत आल्या होत्या. त्यांनी पदरासारखी ओढणी तोंडाला लावली. रडत होत्या की हसत होत्या, मला कळेना.

काकांनी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. "खलास. मालकाच्या घरी पोचलं," ते मला मराठीत म्हणाले. त्यांच्याकडचं सगळ्यात सुंदर पुस्तक होतं ते.

आम्ही उठलो तेव्हा बाईंनी विचारलं, "शब्बाथ को किसके घर खाते हो?"

शब्बाथ, यहुद्यांचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि त्या रात्री सगळं घर एकत्र जेवतं. काकांचे भाऊ, बहिणी, गावातलं सगळं गोत केव्हाच इस्रायलला गेलं होतं. इथून, अरब देशातून, तिकडे धड पत्रसुद्धा जात नसे.

"जुम्मे को इधर आना," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी काका आमच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी.

"सूनबाई, जरा ऐकतेस? रात्री बाईंकडं शब्बाथचा आशीर्वाद म्हणायचाय. एकटा होतो तेव्हा मनातल्या मनातच म्हणायचो. मोठ्यानं म्हणायला समोर माणूस लागतं."

बायकोनं गॅस बंद केला आणि हात पुसून समोर बसली. काकांनी घसा खाकरला, टोपी सावरली आणि डोळे मिटून सुरुवात केली.