वाघमारेकाकांचा तहकूब ठराव

आमच्या वारज्याच्या सोसायटीत टाकी भरून वाहू लागली, तरी वाघमारेकाका ओरडत नाहीत. खाली येऊन ताठ उभे राहतात आणि म्हणतात, "सचिव महोदय, या गंभीर विषयाकडे मी सभागृहाचं लक्ष वेधू इच्छितो." सचिव महोदय म्हणजे मी. सभागृह म्हणजे पार्किंग.

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून काका दिवसभर टीव्हीवर संसदेचं कामकाज बघतात. तिथे गोंधळ झाला की इथे त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. सोसायटीच्या सभेत हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही, पंधरा माणसं नसतील तर मतदान घ्यायचं नाही, हे नियम त्यांचेच. आम्ही ते गालात हसत पाळायचो.

काकांचा ठराव एकच होता. कामवाल्या बायकांना लिफ्टची बंदी आहे, ती उठवावी. बंदीच्या नोटिशीवर सही माझी. उघड विरोध करून वाईट कोण होणार? मी तो विषय शेवटी ठेवायचो. तो आला की मी डोळ्यांनी खूण करायचो, आणि चारपाच जण कुकर, पाहुणे, असं काहीबाही सांगून उठायचे. काका माणसं मोजायचे. "गणसंख्या नाही. विषय तहकूब," असं स्वतःच म्हणून खुर्च्या आवरायला लागायचे. मागाहून आम्ही त्यांची नक्कल करायचो. सगळ्यांत चांगली मीच करायचो.

गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद होती म्हणून मी जिना चढत होतो. तिसऱ्या मजल्यावर काका धापा टाकत पायरीवर बसलेले. शेजारी त्यांची पिशवी धरून आमच्या घरी कामाला येणाऱ्या शांताबाई.

"काका, आज लिफ्टने दगा दिला वाटतं," मी म्हणालो.

"आज कुठलं?" शांताबाई म्हणाल्या. "नोटीस लागल्यापासनं रोज जिन्यानंच येत्यात. पाचव्या मजल्यापत्तुर. किती सांगितलं, ऐकतच न्हाईत."

काकांनी दम घेतला. "माझ्या आईला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. तिला अक्षरओळख नव्हती. पण दिल्लीत आपल्यासाठी हात वर झाले, एवढं तिला कळलं आणि ती घागर घेऊन थेट विहिरीवर गेली. म्हणून मी सभा चुकवत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, ते लोक मुद्दाम उठायचे..."

"तुमची खूण दिसायची मला. पण नियम माझाच होता ना."

मग काकांनी हात वर केला. त्या जिन्यात, बसल्या बसल्या, माझ्याकडे बोलायची परवानगी मागत.

"सचिव महोदय, येत्या रविवारी सभेत सगळ्यांना शेवटपर्यंत बसवाल?"