दातांत पहार धरणारा मुकादम

नदीला पूर आला की सखाराम मुकादम काठच्या पाण्यात पहार रोवायचा आणि तिचं वरचं टोक दातांत धरून, वाकून, डोळे मिटून उभा राहायचा. डोक्यावर इरलं, तोंडात लोखंड, समोर तांबडं पाणी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, याच्या अंगात काहीतरी शिरलंय.

मग दातांच्या फटीतून आवाज यायचा, "नारळाएवढा चालला... आता पाट्याएवढा."

"काय चाललं?"

"दगड, सायब. तळातून चाललेत."

मी नवा ओव्हरसियर, पुण्याहून कोरा डिप्लोमा घेऊन आलेला. आंबेनळी घाटाखाली नदीनं एका वाडीचा काठ खायला घेतला होता. तो खचू नये म्हणून दगडी पिचिंग, म्हणजे काठाच्या उतारावर दगडांचं अस्तर, करायचं होतं. पायथ्याला केवढा दगड लागेल ते मी पुस्तकातल्या कोष्टकावरून काढलं: दीड मणाचा. सखारामनं माझा कागद उलटा धरून पाहिला.

"नदीला इचारलंय काय?"

हे त्याचं पालुपद. मिशी किती ठेवू, असं पोलादपूरच्या न्हाव्यानं विचारलं तरी हा म्हणायचा, "नदीला इचार."

शेवटी त्यानं पहार माझ्याच तोंडात दिली. टक्... टक्... मग घरघर. आवाज कानांतून येत नव्हता. कुणीतरी माझ्या कवटीत जातं फिरवत होतं. एकाएकी असा ठोका बसला की दात शिवशिवले.

"हा... हा केवढा?"

"तुमच्या दीड मणाचा बाप."

मी अंदाजपत्रक फाडलं. उन्हाळ्यात पाच-पाच मणांचे दगड पायथ्याला बसले. प्रत्येक दगडावर सखाराम स्वतः उड्या मारून बघायचा.

पुढच्या श्रावणात तीन दिवस पाणी चढत राहिलं. वाडीतली माणसं टेकाडावर गेली. भर दुपारी सखारामनं दातांतली पहार सोडली. चेहरा राखेसारखा.

"सायब, मोठा येतोय."

पाऊस तेवढ्यात थांबला होता. वारा नव्हता. आणि तळव्यांखालची जमीन हलली. धप्प! काठावरच्या रिकाम्या घरांत भांडी आपोआप वाजली. पुन्हा धप्प! मग तो आवाज पाण्याखालून खाली खाली गेला, कुणीतरी जड पावलांनी चालत जावं तसा.

पिचिंगचा एकही दगड हलला नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. माणसं हसत घरी परतली. सखाराम मात्र पहार मांडीवर घेऊन काठावरच बसलेला.

"वरंधाला माझं घर असंच काठाला होतं," तो म्हणाला. "तवाबी हा आवाज ऐकला होता मी. म्हटलं, ढग असतील. नि गेलो शेतावर."

"घरात कोण होतं?"

"कारभारीण. नि पोरगी, पाळण्यातली."

मी त्याच्याशेजारी ओल्या दगडावर बसलो.

इतक्यात काठावरच्या घरातून वाडीतल्या सुंदरावैनींनी सखारामला हाक मारली, "भावजी, सायबांना घेऊन या. भात उतरलाय."

सखाराम कुणाच्या घरी जेवत नसे. भाकरी झाडाखाली बसून खायचा. त्या दिवशी कसा कोण जाणे, आला. खाली मान घालून जेवला. घरात सगळे एकदम बोलत होते, ओल्या चुलीचा धूर कोंडला होता, कुणीतरी खोकत खोकत हसत होतं.

हात धुऊन मी निघालो. सखाराम अर्धवट उठला, उंबऱ्याकडं बघितलं, पुन्हा खाली टेकला.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "काय काम नाय... पण जरा बसू काय अजून?"