खैरनारकाकांचा शिक्का

"टाकीत पाणी आहे का हो?" असं आमच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत खैरनारकाकांना सहज विचारायची सोय नव्हती. काका गच्चीवर जात, टाकीचं झाकण उघडत, कोपरापर्यंत हात बुडवत आणि ओल्या हातानेच खाली येऊन सांगत, "सर्टन."

ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं त्यांनी सुटे भाग तपासले. त्यांच्या नंबरचा शिक्का बसल्याशिवाय भाग पुढे सरकत नसे. सत्त्याण्णव साली निवृत्त होताना शिक्का जमा केला, पण सवय कोण जमा करून घेणार?

इंग्रजीतल्या खात्रीला त्यांच्या लेखी पायऱ्या होत्या. "कॉन्फिडंट कुणीही असतो, त्याला नुसती छाती लागते. शुअर म्हणजे मन सांगतंय. डेफिनेट म्हणजे कागदावर आलं, साहेबाची सही झाली. आणि सर्टन म्हणजे या हाताने तपासलं!"

"आमची पोरगी दहावी शुअर पास होणार," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "पेपर तुम्ही तपासले का?" राग यायचा. पण तीस वर्षांत या माणसाचा एकही शिक्का चुकला नाही, हे आठवलं की मी त्यांच्यासमोर आपोआप सरळ उभा राहायचो.

मग काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी डॉक्टर हसून म्हणाले, "आय अ‍ॅम कॉन्फिडंट." काकांचा चेहरा उतरला. सगळ्यात खालची पायरी!

सकाळी मीही सोबत गेलो. आत नेताना काकूंनी काकांचा हात धरला. "अहो, मी परत येते ना?"

मला वाटलं, हे आता पायऱ्या समजावणार!

काका वाकले. "सर्टन," म्हणाले.

दार मिटलं तसे ते बाकावर बसले. "पहिल्यांदाच न तपासता शिक्का मारला हो," म्हणाले आणि माझ्यादेखत रडले. मी चहा आणला, तो तसाच गार झाला.

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. ऑपरेशन नीट झालं होतं, काकू गुंगीत होत्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर ठोके मोजले.

"आजोबा, मशीनवर दिसतंय की सगळं," नर्स म्हणाली.

"दिसू द्या," काका म्हणाले, आणि हात न सोडता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.