एका नावावर पाच जणांचं भांडण

"एका रांगेत! उंचीप्रमाणे!"

शिट्टीबाई ओरडल्या आणि शिक्षकांच्या खोलीतले चार जण, वय वर्षं चाळीस ते सत्तावन्न, मुकाट्याने भिंतीला लागून उभे राहिले. रांगेच्या तोंडाशी खोलीतला एकुलता एक कॉम्प्युटर होता.

शिट्टीबाई म्हणजे शाळेच्या खेळाच्या बाई. बावीस वर्षं मैदानावर काढलेल्या. आवाज असा, की गळ्यातली शिट्टी नुसती शोभेला. हेडसर महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि नोकरीच्या वर्षांवरून खुर्ची बाईंनाच मिळायची. पण वरून फर्मान आलं. आता नुसते केस पिकले म्हणून कुणी मुख्याध्यापक होणार नाही. प्रशिक्षण घ्या, सगळ्यांनी मिळून कॉम्प्युटरवर शाळेचा आराखडा बनवा, तीन जणांची समिती येऊन तपासेल. बाई नापास झाल्या तर खुर्ची पुढच्या नंबराला, म्हणजे गणिताच्या सरांना. आणि ते बसले तर खेळाचा तास मेलाच. त्यांच्या लेखी मैदान म्हणजे छप्पर घालायचे राहून गेलेले चार वर्ग.

कॉम्प्युटरच्या सरांनी रजेवर जाताना समजावलं होतं, नाही असं नाही.

"बाई, प्रत्येकाला लिंक पाठवा. जो तो आपल्या नावाने फाइल उघडेल आणि बाजूला आपलं मत लिहील."

"समोर बसलेल्या माणसाला पाठवायचंय काय? त्याला पाय नाहीत?"

"तसं नसतं हो बाई, मिळून काम करणं म्हणजे..."

"मिळून काम कसं करायचं ते मला शिकवताय? चाळीस पोरांकडून मी एका वेळी उजवा पाय उचलून घेते. जा तुम्ही, गाडी चुकेल."

सर गेले. बाईंनी स्वतःच्या नावाने फाइल उघडली आणि रांग लावली. एकेकाने पाच मिनिटं बसायचं, मनात असेल ते लिहायचं, उठायचं. पुढचा. असं तीन दिवस चाललं.

आणि लोकांनी लिहिलं हो! समोरासमोर बाईंना कोण बोलणार? पण पडद्यासमोर बसलं की माणसाला कंठ फुटतो. बाईंनी आराखड्यात रोज खेळाचा तास टाकला होता. गणिताच्या सरांनी बाजूला लिहिलं, "हा आराखडा आहे की सर्कस?" त्याखाली चित्रकलेच्या बाईंनी लिहिलं, "सर्कसमध्ये निदान पोरं हसतात. काहींच्या तासाला रडतात." ग्रंथपालांनी लिहिलं, "ग्रंथालयात तुटकी बाकं ठेवणं बंद करा, मला पुस्तकं सापडत नाहीत." शिपाईकाका एका बोटाने टाइप करत, पण घाव वर्मी. "पाण्याच्या टाकीला दोन वर्षं झाकण नाही. भविष्य नंतर बघा."

बाई चिडल्या. मग त्यांनी पुन्हा वाचलं. मग आणखी चिडून झाकण आराखड्यात पहिल्या नंबरावर टाकलं आणि बाकं ग्रंथालयातून हलवली.

समिती आली त्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "खुर्ची मिळो न मिळो, त्या तिघांना दंडाला धरून सरळ उभं करू नकोस म्हणजे झालं."

हेडसरांच्या खोलीत तिघं बसले होते. मध्ये अध्यक्षबाई, लॅपटॉप उघडून. डावीकडे चष्मेवाले. उजवीकडचे सारखे जांभया देत होते. दाराबाहेर स्टाफ कान लावून उभा.

अध्यक्षबाईंनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"बाई, सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही लिहिलंत, हा आराखडा आहे की सर्कस."

"मी नाही लिहिलं."

"तुमचं नाव आहे. अकरा अठराला तुम्ही स्वतःला उत्तर दिलंत, की काहींच्या तासाला पोरं रडतात. अकरा चाळीसला स्वतःलाच दम दिलात की भविष्य नंतर बघा." त्यांनी आवाज जरा मऊ केला. "बाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. पण मान खाली घालतील त्या शिट्टीबाई कसल्या!

"घर ठीक आहे. ही माझी माणसं आहेत. माझ्या नावात बसून लिहिलंय त्यांनी."

"फाइलीत एकच नाव दिसतंय. नियमाप्रमाणे सहभागाचे गुण शून्य. आणि सहभागात शून्य म्हणजे नापास."

"नाव एक आहे, माणसं पाच आहेत."

"कॉम्प्युटर तसं म्हणत नाही."

"कॉम्प्युटर त्याच खोलीत होता, मॅडम. त्याने मान वर करून पाहिलं नाही, त्याला मी काय करू?"

चष्मेवाले मात्र आराखड्याच्या छापील प्रतीत बोट घालून बसले होते. "काही म्हणा, वेळापत्रक सुरेख मांडलंय बाईंनी. मैदान एक, वर्ग बारा. मधोमध दोरी बांधून एका वेळी दोन वर्ग, म्हणजे सहा तासांत बाराही वर्ग खेळून मोकळे. बाईंचं डोकं गणिताचं आहे हो!"

दार धाडकन उघडलं.

"ते माझं आहे!" गणिताचे सर. लालबुंद.

"तुमचं?" बाईंनाच धक्का बसला. "तुम्ही तर तास बंद करायला निघाला होतात!"

"जमणार नाही हे दाखवायला बसलो होतो. जमलं! आता उत्तर आलं ते आलं. पण माझी आकडेमोड यांच्या नावावर? यांना सातचा पाढा येत नाही!"

"येतो मला!"

"आणि सर्कस?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सर्कस पण माझीच."

"रडण्याचं माझं," चित्रकलेच्या बाई मागून आत घुसल्या. "आणि ते मी मागे घेणार नाही."

"बाकं माझी," ग्रंथपाल.

"झाकण कधी बसणार तेवढं सांगा," शिपाईकाका.

पुढची पाच मिनिटं त्या खोलीत कोण कुणाला काय बोललं ते सांगण्यात अर्थ नाही. उजवीकडच्यांची झोप मात्र पार उडाली.

अध्यक्षबाईंनी टेबलावर थाप मारली. "पुरे! मला सगळं दिसतंय. पण नियम म्हणजे नियम. ज्याच्या नावाने नोंद, त्याचंच काम." आणि त्यांनी लॅपटॉपवर शून्य टाकलं. मग शेजारच्या रकान्यात दुसरं. मग तिसरं.

शिट्टीबाई टेबलावरून वाकून बघत होत्या. "हे बाकीचे दोन रकाने कुणाचे?"

"या दोघा सदस्यांचे."

"मग तुम्ही का भरताय?"

"नेहमी मीच भरते. ते तोंडी सांगतात, लॉगिन माझं आहे."

"आत्ता तर त्यांनी काहीच सांगितलं नाही," चष्मेवाल्यांकडे बघत बाई म्हणाल्या. "म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी मला एकट्या मॅडमनी तपासलं. फर्मानात तर समिती तिघांची आहे. मी मैदानावरची बाई, मला कळत नाही. तुम्हीच सांगा, नियम काय म्हणतो?"



शिपाईकाकांनी घसा खाकरला. "मग ही तिन्ही शून्यं कुणाच्या नावावर टाकायची, मॅडम?"

चष्मेवाल्यांना हसू आवरेना. अध्यक्षबाईंनी लॅपटॉप मिटला. "तीन कोरे कागद आणा."

तिघांनी तिघांच्या हाताने गुण लिहिले. अध्यक्षबाईंनी सगळ्यात कमी दिले, पण पास होण्याइतके दिले.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा बाई गणिताच्या सरांजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"एका उदाहरणापायी खुर्ची घालवलीत, सर."

"उत्तर बरोबर होतं ना?"

"होतं."

"मग झालं तर," सर तोंड वाकडं करून म्हणाले.

बाई वळल्या. सगळा स्टाफ पायरीवर उभा होता, आता काय ऐकावं लागतंय म्हणून.

"उद्यापासून सगळ्यांना लिंक येईल," शिट्टीबाई कडाडल्या. "ज्याने त्याने मला आपापल्या नावाने शिव्या द्यायच्या. आणि साडेदहाच्या आत!"