हिलाल आप्पांची कार्डतपासणी

हिलाल आप्पा एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. रोज सकाळी कळसाडीहून शहाद्याला येणाऱ्या गाडीत ते चढतात आणि खऱ्या कंडक्टरच्या मागोमाग अख्खी बस तपासत येतात. तो तिकीट विचारतो, हे कार्ड. म्हाताऱ्यांना ते सोडून देतात. अठरा ते तिशीतलं कुणी दिसलं की त्याच्या सीटपाशी उभे राहतात. "कार्ड शे का?"

कार्ड म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड. ते असलं की मोठ्या आजारपणात दवाखान्याचा खर्च सरकार भरतं. ज्याच्याकडे ते नाही, तो आप्पांच्या लेखी विनातिकीट. त्याला ते स्टँडवर उतरवून घेतात आणि थेट समोरच्या माझ्या दुकानात आणून उभा करतात. माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. अख्ख्या तालुक्याचा वैताग माझ्या एका टेबलावर येतो, आणि त्यातला निम्मा एकटे आप्पा आणतात.

"ताई, ह्या चार पोऱ्या दख. एकजवळबी कार्ड नई!"

मी तेव्हा नेमका डबा उघडलेला असतो. सर्व्हर बंद असला तर तो मीच बंद करून ठेवलाय अशा नजरेने बघतात. "तुन्हा सर्वर जेवाले गया का?" मशीन अंगठा ओळखत नाही, ओटीपी ज्या मोबाईलवर जातो तो सुरतेला भावाच्या खिशात, आणि आप्पा पाठीमागे उभं राहून मला घड्याळ दाखवतात. रोज ठरवते, उद्या या माणसाला दारातूनच परतवून लावायचं.

पोरंही कमी नाहीत. एकजण दंड फुगवून म्हणाला, "आप्पा, माले काय व्हनार शे? मी रोज जिमले जास."

आप्पांनी त्याच्या हातातली गाडीची चावी काढून घेतली. "तुन्ही फटफटीना इन्शुरन्स शे?"

"शे ना."

"मंग फटफटी पडनी ते तिले नवा आरसा भेटी. तू पडना ते?"

चावी संध्याकाळी मिळाली, कार्ड निघाल्यावर. तोवर दोघं माझ्याच बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

होळीला डोंगरातली पोरं गुजरातेतल्या कामावरून परततात, म्हणून आप्पा दोन दिवस आधीच अक्कलकुव्याच्या नाक्यावर जाऊन बसले. भिलीचा एक शब्द येत नाही. बोटांनी हवेत चौकोन काढून कार्ड दाखवत होते म्हणे. पोरं त्यांना पोटभर हसली आणि त्यातली जीपभर त्यांच्याबरोबर शहाद्याला आली. सण माझ्याही घरी होता, पण तो कुणाला आठवतोय!

आणि लग्नातला कहर वेगळाच. हे आरोग्य कार्ड निघायला रेशनकार्डावर नाव लागतं. लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करायचं आणि सासरच्या कार्डावर चढवायचं. लोक वर्षानुवर्षं ते करत नाहीत, आणि सून मधल्या मध्ये राहते. म्हणून आप्पा आहेराच्या पाकिटात वरबापाला कोरा फॉर्म देतात. एकदा तर पाठवणीच्या वेळी डीजेवाल्याच्या हातून माईक घेतला. "नवरीनं नाव बदलाले आठ दिनपेक्षा जास्त लावानं नई!" नवरीची आई रडायची थांबून त्यांच्याकडे बघायलाच लागली.

"आप्पा, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"कंडक्टरकीमा लई दखं, ताई," ते म्हणाले. "ज्वान पोऱ्याले दवाखानामा लई जायेत तवय तिकीट मीच फाडं. पैसा सरनात म्हनीसन तसाच परत घर लई उनात, तवयबी मीच फाडं."

मग पुन्हा, "हाऊ पाचवा पोऱ्या मांगे उभा शे, त्यानं पहिले कर."

गेल्या महिन्यात एक तरुण बाई दुकानात आली. नाव वैशाली, नवापूरला दिलेली. हृदयाची झडप खराब झाली होती, डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून बजावलं होतं. स्टँडवरून चालत आली तेवढ्यानेच तिला धाप लागली होती. कार्डाशिवाय ऑपरेशन त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि कार्ड निघत नव्हतं. सासरच्या रेशनकार्डावर तिचं नाव नाही, कारण माहेरच्या कार्डावरून ते कमी झालेलं नाही. माहेरच्या कार्डावर लग्नाआधीचं नाव, आधारवर लग्नानंतरचं. दोन्ही जुळेनात.

"दोन वरीसपासून आप्पाले सांगस," ती म्हणाली. "आज करस, सकाय करस, म्हनस."

असा कोण बेफिकीर बाप आहे ते तरी बघू, म्हणून मी माहेरचं कार्ड उघडलं. सगळ्यात वर हिलाल आप्पांचं नाव. खाली वैशालीचं.

मी तिथल्या तिथे फोन लावला आणि जे तोंड सोडलं, ते दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं. जगाच्या लग्नात माईक घेता, आणि स्वतःच्या पोरीचं नाव काढायला दोन वर्षं? तिच्या वाटचं पाच किलो धान्य सुटत नाही का तुम्हाला? तिचं हृदयाचं ऑपरेशन अडलंय! वैशालीने माझा हात धरला. ऑपरेशनचं तिने बापाला सांगितलंच नव्हतं.

पुढच्याच गाडीने आप्पा आले. बाकावर दोन तरुण पोरं बसली होती, त्यांना काही विचारलं नाही. लेकीजवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"तिन्हं धान्य मी कधीच उचलं नई, ताई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिन्ही माय गयी, तवय मायनं नाव कापं. मंग कार्डवर आम्ही दोनच ऱ्हायनूत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गुपचूप नाव कमी करण्याचा अर्ज भरला आणि त्यांनी सही केली. तो अर्ज घेऊन ते स्वतः तहसीलमध्ये जाऊन बसले. तिथल्या लोकांनी त्यांना घालवण्यासाठीच काम झटपट उरकलं असणार. नवापूरच्या कार्डावर वैशालीचं नाव चढलं, आरोग्य कार्ड निघालं, ऑपरेशनची तारीखही मिळाली.

काल आप्पा स्वतःच्या रेशनकार्डाचा नवा कागद घ्यायला आले. मी छापून हातात दिला. गाडीत थांब्यांची नावं पुकारावीत तशा खड्या आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. "कुटुंबप्रमुख, हिलाल. एकूण सदस्य..." आवाज खाली आला. "एक."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"ताई, मंग मी कोना प्रमुख?"

थट्टेने विचारलं असतं तर मी काहीतरी खोचक बोलले असते. पण ते खरंच उत्तराची वाट बघत उभे होते, आणि मला रडू आवरेना.