भिकननानांची परतीची वाट

आमचे भिकननाना नवी चप्पल घेतात आणि जुनी पिशवीत घालून आठवडाभर सोबत फिरवतात. "चावली तर?" हॉटेलात शिरले की आधी मागचं दार बघणार, मगच शेवभाजी मागवणार. आता काय म्हणावं या माणसाला!

जळगावच्या आमच्या पतसंस्थेच्या सगळ्या शाखांचे सर्व्हर नाना सांभाळतात. कंपनीकडून नवा पॅच, म्हणजे प्रोग्रॅममधली दुरुस्ती, आला की त्यांचा पहिला सवाल, "मांगे येवानी वाट कोठे शे?" म्हणजे, मागे यायची वाट कुठे आहे? जुनं जसंच्या तसं बाजूला काढून ठेवल्याशिवाय नव्याला हात लावणार नाहीत. मग तो पॅच आधी एकट्या सावद्याच्या शाखेत टाकायचा, दिवसभर बघायचं, मग नरडाणा, मग धुळं. अहो, नव्या सुनेच्या पहिल्या स्वयंपाकाचीही इतकी परीक्षा कोणी घेत नाही!

नवे साहेब वैतागले. "नाना, पॅच टाकताय की मुहूर्त काढताय?" नाना जेवायला गेल्याचं बघून त्यांनी स्वतःच सगळीकडे एकदम पॅच सोडला. बापरे! बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या शाखा ठप्प. सावद्याच्या केळीवाल्यांचा गलका फोनमधून ऐकू येत होता, आणि साहेब पांढरेफटक. नाना अर्ध्या डब्यावरून उठून आले. सकाळीच काढून ठेवलेलं जुनं त्यांनी एकेका सर्व्हरवर परत चढवलं. साहेबांना एक शब्द बोलले नाहीत, उलट पाणी आणून दिलं.

पण खरा धक्का मला धुळ्यात बसला. नानांच्या एकुलत्या एका लेकीचं, स्वातीचं लग्न. पाठवणीच्या वेळी बायका तिला समजावत होत्या, "आता तेच तुझं घर." तेवढ्यात नानांनी खिशातून स्वतःच्या घराची किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत तिच्या हातात ठेवली.

"मांगे येवानी वाट मोकळी शे, बेटा. कधी बी ये."

विहीणबाईंनी डोळे वटारले. मी तर हादरलेच. नानांना ओढत बाजूला नेलं. "डोकं फिरलंय का, नाना? पाठवणीला असं अभद्र बोलतात? पोरीचं लग्न आहे हे, पॅच नाही!"

नाना गाडीकडे बघत होते.

"माझी अक्का एकदा सासरहून पळून आली होती. आबांनी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसवून दिली. तिची पिशवी स्टँडवर मीच नेली."

"मग?"

"मग ती नाही आली. तिची बातमी आली."

गाडी सुटली. स्वाती काचेतून एकाच हाताने निरोप देत होती. दुसऱ्या हाताची मूठ तिने उघडलीच नाही.