सन्मानाने दिलेला डबा

उपाशी माणसाला अन्नाआधी सन्मान द्यावा, हे आता शिकल्यासवरल्या लोकांनी सिद्ध केलं आहे. सन्मान नासत नाही, सांडत नाही, आणि कितीही वाटला तरी गोदामात तेवढाच राहतो.

म्हणूनच भंगारवाल्यांच्या वस्तीला लागून पोषण सल्ला केंद्र निघालं. तिथल्या ताईंचं प्रशिक्षण एक्क्याऐंशी तासांचं. चाळीस तास मान हलवण्याचे, तीस डोळ्यांत पाणी आणण्याचे (ते गालावर न सांडू देण्याचे आठ वेगळे) आणि अन्नाचे तीन, जेवणाची सुट्टी धरून.

कचरा निवडणारी एक म्हातारी सुनेला घेऊन तिथे गेली. सुनेला आठवा महिना, नखं पांढरीफटक. अंगात रक्त भरलं नाही तर बाळंतपण जड जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ताकदीच्या पावडरीचे डबे ताईंच्या पाठीमागच्या कपाटात होते. काचेतून छान दिसत.

ताईंनी सुनेचा हात हातात घेतला. "कसं वाटतंय तुम्हाला?"

सून गप्प.

"गप्प राहण्याचाही तुम्हाला हक्क आहे," ताई म्हणाल्या आणि हक्काची नोंद केली.

नियम फार माणुसकीचा होता. न मागता डबा दिला तर ती भीक, आणि भिकेने मन दुखावतं. म्हातारीने तर जन्मात कोणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं. तीन खेपा झाल्या. मन कोणाचंच दुखावलं नाही.

चौथ्या खेपेला म्हातारीने ताठा गिळला. "ताई, त्यातला एक डबा द्या हिला."

"आजी, आमच्याकडे व्यक्ती महत्त्वाची. त्यांचं त्यांना बोलू द्या."

म्हातारी सुनेकडे वळली. "बोल की गं. तोंडाला कुलूप लागलंय?"

कुलूप म्हातारीनेच घातलं होतं. सासूसमोर खाण्याचं नाव काढायचं नाही, हे वळण लावायला तिला सहा वर्षं लागली होती. शेजारणी त्या वळणाचे गोडवे गात.

"आई म्हणतील तसं," सून म्हणाली.

"मी म्हणते, माग."

"मला नको काही, ताई. आईंनाच द्या. त्यांचं वय झालंय."

ताईंचे डोळे भरले. (सांडले नाहीत.) त्यांनी लिहिलं: व्यक्तीने स्वेच्छेने नकार दिला. निर्णयाचा आदर केला.

अहवालात केंद्र शंभर टक्के यशस्वी ठरलं.

वाचणाऱ्यांनो, तुमचाही जीव कळवळला असेल. चांगलं आहे, ताईंचाही कळवळला होता. असली वस्ती तुमच्या रोजच्या वाटेवर आहे, डबा दुकानात मिळतो, आणि तुमच्यावर कसला नियमही नाही. तरी तुम्ही म्हणणारच, त्या सुनेने एक शब्द तोंडातून काढला असता तर काय बिघडलं असतं.